अठरा पावलांवर थ्री सेव्हन फाइव्ह

सव्वीस वर्षांची नोकरी करून मी सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो आणि रायपूरला समता कॉलोनीतल्या घरी राहू लागलो. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील रेल्वेत वॅगन दुरुस्तीला होते, त्यामुळे माझी शाळा रायपुरातच झाली आणि भरतीलाही मी इथूनच गेलो. पलटणीत मी पंधरा वर्षं स्नायपर होतो आणि शेवटची काही वर्षं इन्स्ट्रक्टर. माझं काम दुरून होतं. चारशे मीटर, सहाशे मीटर, एकदा आठशेच्या वर. समोरच्याचे डोळे मला कधी दिसले नाहीत. हे मुद्दाम लिहितो, कारण ज्या सकाळबद्दल सांगायचं आहे ती अठरा पावलांवर घडली.

लोक मला लग्नकार्यात गाठून विचारतात, सुभेदार साहेब, हत्ती-गव्यासारखं जनावर लांबून पाडायचं तर कोणती रायफल घ्यावी? परदेशात शिकारीला जाऊन आलेला एखादा श्रीमंत माणूस मोबाइलवर फोटो दाखवतो. आपल्याकडे शिकार केव्हाच बंद झाली, हे मी आधी सांगतो. मग सांगतो की अशी रायफल मी आयुष्यात एकदाच निवडली, आणि ती शिकारीसाठी नव्हती.

पेन्शनला तीन वर्षं झाली होती. जानेवारी महिना होता. सकाळी साडेसातला खोब्रागडे साहेब घरी आले. ते वनखात्यात रेंजर होते. नागपूरकडचे, माझ्या मोठ्या भावाचे वर्गमित्र. चहा घेतला, पण कप हातातच ठेवून बोलत राहिले. महानदीच्या पलीकडच्या जंगलात एक एकटा नर हत्ती फिरत होता. दोन महिन्यांत त्याने चार माणसं मारली होती. त्याला बेशुद्ध करून उपचार करायचा, गळ्यात कॉलर बांधायची आणि डोंगराकडे सोडायचा, असं ठरलं होतं. दोनदा प्रयत्न झाले. दुसऱ्या वेळी त्याने सगळी टीम पळवली. आता शेवटचा प्रयत्न होता. बेशुद्धीच्या औषधाचा डार्ट मारणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी जड रायफल घेतलेला एक माणूस हवा होता. हुकूम लेखी होता. आधी डार्ट. माणसाचा जीव जात असेल तरच गोळी.

"दोनशे मीटरवरून हत्ती तर पोट्टंबी पाडन," मी म्हणालो. "डार्टची काय गरज?"

"पाडाचं नाही आहे, सुभेदार. उभं राहाचं आहे," ते म्हणाले.

ते गेल्यावर बायकोने विचारलं, "काहून जाऊन राहिले तुमी? पेन्शन भेटते ना." मी म्हणालो, पाहून येतो. सव्वीस वर्षांत तिला या उत्तराची सवय झाली होती.

रायफल निवडायला तीन दिवस मिळाले. तीन पर्याय होते. पहिली थ्री वन फाइव्ह स्पोर्टिंग, देशी बनावटीची, बोल्ट अॅक्शन. काडतुसं ताजी, एकही दगा देणार नाही. पण तिची गोळी हरणा-डुकरासाठी. हत्तीच्या कवटीत हाडाची जाळी असते, फूटभर जाडीची. तिथे ही गोळी वळेल किंवा थांबेल. दुसरी थर्टी ओ सिक्स. दुर्बीण चांगली, नेम चांगला, लांबवर सरळ जाणारी. चितळावर पाचशे पावलांवरून भरवशाची. हत्तीसमोर तीही हलकी.

तिसरी चौबे कॉलोनीत सापडली. तिथे एक दाऊजी राहतात. छत्तीसगडात जुन्या मालगुजारांना दाऊ म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या आजोबांनी विलायतेहून मागवलेली थ्री सेव्हन फाइव्ह मॅग्नम त्यांनी लायसन्सवर जपून ठेवली होती. कापडी गवसणीतून त्यांनी ती काढली आणि माझ्या हातात दिली. मी आयुष्यभर रायफली हाताळल्या आहेत. पण अशी कधी हातात आली नव्हती. साडेचार किलो वजन. अक्रोडाचा दस्ता, हाताच्या घामाने काळा पडलेला. बोल्टच्या कडेला बोटभर लांबीचा पोलादी पंजा. मॅगझिनमधून काडतूस वर येतं तेव्हाच हा पंजा त्याला पकडतो आणि रिकामं केस बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. रायफल उलटी धरा, तिरपी धरा, पळता पळता बोल्ट मारा, काडतूस निसटणार नाही. मोठ्या जनावरासाठी बोल्ट अॅक्शन घेतात ते याच कारणाने. गोळी एकोणीस ग्रॅमची, म्हणजे आमच्या सर्व्हिस रायफलच्या गोळीच्या दुप्पट. सॉलिड, न फुटणारी. वर काढता-घालता येणारी दुर्बीण.

अडचण एकच होती. काडतुसं जुनी होती. एकूण अकरा. दाऊजींनी ती कधी घेतली हे त्यांनाही आठवत नव्हतं.

कागदपत्रं झाल्यावर अभनपूरच्या पुढे एका बंद खदानीत परवानगीने मी पाच राऊंड झाडले. पहिल्या राऊंडला खदानीची भिंत हादरल्यासारखी वाटली. खांदा संध्याकाळपर्यंत निळा पडला. शंभर मीटरवर तीन गोळ्या एका बशीत बसतील अशा लागल्या. दोनशेवर चौथी बशीच्या बाहेर दोन बोटं. इतक्या जुन्या रायफलीने हे करावं, याचं मला नवल वाटलं. पाचव्या वेळी ट्रिगर दाबला आणि रायफल गप्प राहिली. मी ती खांद्यावरून हलवली नाही. अर्ध्या सेकंदाने गोळी सुटली. याला हँगफायर म्हणतात. बारूद म्हातारी झाली की असं होतं.

सहा राऊंड उरले.

मी खोब्रागडे साहेबांना सगळं सांगितलं. एक रायफल शंभर टक्के चालेल, पण हत्ती थांबेलच असं नाही. दुसरी चालली तर हत्ती जागेवर थांबेल, पण चालेलच असं नाही. ते म्हणाले, तुम्ही निवडा. मी रात्रभराचा वेळ मागितला नाही. मॅग्नम घेतली. त्या निर्णयाचा विचार मी आजही करतो.

कॅम्प नदीपासून सात किलोमीटर आत होता. डॉक्टर मॅडम दुर्गच्या होत्या, वय तीसच्या आत, हिंदीत बोलणाऱ्या. त्यांनी या आधी नऊ हत्तींना डार्ट मारले होते. आणि ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा, होता बुधराम ध्रुव. पन्नाशी ओलांडलेला, सुकलेल्या लाकडासारखा माणूस. पायात टायरची चप्पल, खांद्यावर गमछा. सरकारी नोकर नव्हता. रोजीवर येत होता. त्याची छत्तीसगढी, माझी भंडाऱ्याकडची मराठी, मध्ये तुटकी हिंदी, असं आमचं चालायचं.

माझा प्लॅन तयार होता. नाल्याकाठी एक खडकाळ टेकडी होती. तिथून हत्तीची येण्याची वाट दिसत होती. रेंजफाइंडरने मोजलं, एकशे ऐंशी मीटर. मी वर दुर्बीण लावून बसणार. डॉक्टर खाली. काही वेडंवाकडं झालं तर एक गोळी. बुधरामने सगळं ऐकून घेतलं. मग मला खाली नाल्यात नेलं.

वाळूत हत्तीचं पाऊल होतं. अशी पावलं मी आधीही पाहिली होती, पण शेजारी उभं राहून नाही. माझे दोन्ही बूट त्यात मावले आणि जागा उरली. बुधरामने कमरेची सुतळी काढली, पुढच्या पायाच्या ठशाभोवती गोल फिरवली, मग तितकीच पुन्हा एकदा. ती सरळ करून त्याने काठीने झाडाला उभी लावली. एवढी हत्तीची खांद्यापर्यंतची उंची, म्हणाला. माझा हात वर करूनही तिथे पोचला नाही. साडेनऊ फूट होती.

मग त्याने दुसरी गोष्ट दाखवली. पुढच्या डाव्या पावलाच्या ठशासमोर वाळूत एक ओरखडा होता. प्रत्येक ठशासमोर तसाच. उजव्या पायासमोर नव्हता. हत्ती डावा पाय घासत चालत होता. बुधराम म्हणाला, हा चार हिवाळे झाले इथून जातो. माझ्या कोठाराजवळून गेला, साठवलेला महुआ, म्हणजे मोहफुलं, खाऊन गेला, कोणाला शिवला नाही. यंदा पाय घासतो आहे आणि माणूस दिसला की धावतो. त्याला काहीतरी लागलं आहे.

टेकडीबद्दल त्याने फक्त एक प्रश्न विचारला. मॅडमपासून हत्ती पस्तीस पावलांवर असेल. तो धावला तर किती वेळ? मी मनात हिशोब केला. तीन सेकंद. धावताना त्याचं डोकं वरखाली होतं. कवटीत मेंदूची जागा भाकरीएवढी. एकशे ऐंशी मीटरवरून, हलत्या डोक्यात, तीन सेकंदांत. माणसावर मी तो नेम घेतला असता. हत्तीवर तो जखम करणारा नेम होता, आणि जखमी हत्ती मॅडमवर गेला असता.

"इहां बइठ, साहेब," बुधराम म्हणाला आणि महुआच्या झाडाच्या उजवीकडची जागा दाखवली. इथे बस. डॉक्टरपासून दहा पावलं.

मी दुर्बीण काढून डब्यात ठेवली. साधी साइट पुरेशी होती.

दुसऱ्या दिवशी ०५४० ला आम्ही जागेवर होतो. थंडी होती, वारा आमच्याकडे येत होता. डॉक्टर आणि बुधराम महुआच्या बुंध्याआड. मी उजवीकडे, एक गुडघा जमिनीवर. खोब्रागडे साहेब टेकडीवर वॉकी-टॉकी घेऊन. माझ्या एका कानात इअरफोन. मी अल्फा, ते ब्राव्हो.

०६५५. "अल्फा, नाल्यात उतरला. एकशे वीस मीटर. ओव्हर."

"अल्फा, रॉजर."

०७०३. "सत्तर. उभा आहे."

मला आधी तो दिसला नाही. झाडांमध्ये करडा अंधार होता आणि तो अंधारच पुढे सरकला. एवढं जनावर, पण वाळलेली पानं वाजली नाहीत. मग एक कान हलला. मग दोन्ही सुळे. लहानपणी राजनांदगावला रेल्वेच्या पुलाखाली उभं राहून वरून जाणारं इंजिन पाहिलं होतं. त्यानंतर इतकं लहान मला कधी वाटलं नव्हतं.

०७१२. डॉक्टर मॅडमनी डार्ट सोडला. फट् असा आवाज. डार्ट मांडीत बसला. औषध चढायला आठ-दहा मिनिटं लागतात.

हत्ती गर्रकन वळला आणि आवाजाच्या दिशेने आला. ओरडला नाही. मॅडम मागे सरकल्या, मुळात पाय अडकला आणि पाठीवर पडल्या. डार्टगन त्यांच्या अंगाखाली. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण पाय सुटला नाही.

बुधरामकडे झाडामागे राहायला जागा होती. तो बाहेर आला. डावीकडे धावला, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत, हत्तीला हाक मारत. हत्तीने मॅडमला सोडलं आणि त्याच्याकडे वळला. सोंडेचा एक फटका बसला. बुधराम हवेत फेकला गेला आणि माझ्यासमोर पडला. हत्ती दोन पावलांत त्याच्यावर आला.

हत्ती मला आडवा होता. नेम कानाच्या भोकाच्या चार बोटं पुढे. मी ट्रिगर दाबला.

टिक्.

हँगफायरचा नियम आहे, तीस सेकंद थांबा, बोल्ट उघडू नका. मी थांबलो नाही. बोल्ट मागे, काडतूस बाहेर, बोल्ट पुढे. दुसरा राऊंड चेंबरमध्ये. साइट परत त्याच जागी. या सगळ्याला दीड सेकंद लागला असेल.

त्या दीड सेकंदात हत्ती थांबला होता. बुधराम त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये पाठीवर पडला होता. हत्तीने पाय उचलला नव्हता. आणि त्या पायांच्या मधून एक हात वर आला. पंजा उघडा.

"झन मार," बुधराम म्हणाला. मारू नको. आवाज खोल गेला होता, पण स्पष्ट.

तेव्हा मला कळलं. माझी गोळी लागली असती तर हत्ती जागेवर कोसळला असता. चार-पाच टन, सरळ खालच्या माणसावर. पहिलं काडतूस चाललं असतं तर मी माझ्या हाताने बुधरामला मारलं असतं, आणि नेम अगदी बरोबर लागला असता.

मी बोट ट्रिगरवरून काढून दस्त्यावर सरळ ठेवलं. साइट हलवली नाही.

"ब्राव्हो टू अल्फा, गोळी का नाही? ओव्हर."

"होल्ड. बुधराम खाली आहे. होल्ड."



मी नंतर मोजलं, अठरा पावलं. अठरा पावलांवरून मला त्याच्या पापण्यांचे केस दिसत होते, लांब, सरळ. डोळा मधाच्या रंगाचा. त्याच्या पोटातून एक घरघर येत होती, ती कानाने कमी आणि गुडघ्याखालच्या जमिनीतून जास्त कळत होती. त्याने सोंड खाली नेली. बुधरामच्या पायांवरून, छातीवरून, तोंडावरून फिरवली. सोंडेच्या टोकाने गमछा उचलला आणि परत ठेवला. बुधराम हलला नाही. तो हळू आवाजात काहीतरी बोलत होता. शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत. लेकराला थोपटताना माणूस बोलतो तसा तो सूर होता. मॅडम दहा पावलांवर तशाच पडून होत्या, तोंडावर हात धरून.

मी कित्येक तास एका जागी पडून राहिलेला माणूस आहे. त्या आठ मिनिटांएवढा वेळ मी कुठे काढलेला नाही. रायफल जड होत गेली. घाम डोळ्यात आला, पुसता आला नाही.

०७२१ ला हत्तीचे कान थांबले. सोंड सैल होऊन दोरासारखी लटकली. त्याने एक पाऊल मागे घेतलं, मग दुसरं. बुधरामवर पाय पडला नाही. मागचं झाड अंगाला लागलं तसा तो त्याला टेकला आणि उभ्या उभ्या घोरू लागला.

मॅडम आणि मी बुधरामला काखेत धरून बाहेर ओढलं. तोंडातून रक्त येत होतं. बरगड्या गेल्या होत्या. तो शुद्धीवर होता. मॅडमना म्हणाला, आधी त्याचा पाय पाहा.

जीप बुधरामला घेऊन निघाली. मॅडमनी हत्तीचा डावा पाय पाहिला. खांद्याच्या खाली, कातडीच्या घडीत, मुठीएवढी जागा सुजली होती. चीर दिली तेव्हा पू आला आणि मागून शिशाचा एक तुकडा. हाताने ओतलेली गोळी होती. कोणीतरी लांबून मारली होती, लागली का तेही पाहायला आलं नसेल. मॅडमनी तो तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी लांबून मारणारा माणूस. माझ्याच्याने तो फार वेळ धरवला नाही.

कॉलर बांधली. जखम धुतली. ०८५० ला उलट औषधाचं इंजेक्शन दिलं आणि आम्ही टेकडीवर गेलो. तीन मिनिटांनी त्याने कान हलवले, सोंड वर करून हवा घेतली आणि डोंगराच्या दिशेने निघाला. मी दुर्बीण लावून पाहत राहिलो. या वेळी दुर्बीण रायफलवर नव्हती. त्याच्या कॉलरचा सिग्नल पुढे तीन वर्षं येत राहिला. त्याने परत माणूस मारल्याचं आम्ही ऐकलं नाही.

बुधरामला रायपूरच्या हॉस्पिटलमध्ये आणलं. मी त्याच दिवशी दुपारी पोचलो. त्याची बायको, फूलबाई, कॉटच्या पायाशी बसली होती. मी तिला काडतुसाचं सगळं सांगितलं. माझी पहिली गोळी सुटली नाही, आणि सुटली असती तर काय झालं असतं, हेही. मी निवडलेल्या रायफलीचा हिशोब मलाच द्यायचा होता. तिने ऐकलं आणि एवढंच विचारलं की तो पडला तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना? मी म्हणालो, होतो. हव, ती म्हणाली, म्हणजे हो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला बुधरामने डोळे उघडले. मला ओळखलं. बोलायला त्रास होत होता. मी वाकलो.

"रेंगिस का?" त्याने विचारलं. चालला का तो?

"हव," मी म्हणालो. "रेंगिस. पाय नहीं घिसिस." चालला, पाय घासला नाही.

त्याने मान हलवली. ०६४० ला तो गेला.

रायफल मी दाऊजींना परत केली. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी ती गवसणीत घातली आणि उरलेली पाच काडतुसं आणि ते न चाललेलं एक पोलीस ठाण्यात जमा केलं.

वर्षातून एकदा रायपुरातले आम्ही माजी सैनिक जमतो. शेवटी उभं राहून गेलेल्यांची नावं वाचतो. रँक, नाव, पलटण. त्या वर्षी नावं वाचायचं काम माझ्याकडे होतं. यादी संपली, सगळे खाली बसले, तेव्हा मी आणखी एक नाव वाचलं. ट्रॅकर बुधराम ध्रुव.

समोर बसलेल्या कर्नल साहेबांनी विचारलं, "कुठली पलटण, सुभेदार?"

मी म्हणालो, "पलटण नव्हती, सर. रोजीवर होता. जागा सोडून जायला मोकळा होता, गेला नाही."

कर्नल साहेब उभे राहिले. मग बाकीचेही पुन्हा उभे राहिले. तेव्हापासून दरवर्षी ते नाव यादीत असतं, सगळ्यात शेवटी, आणि ते मीच वाचतो.